भीमाचे बळ व भीमाची भूल
(शिक्षकांच्या स्वाध्यायासाठी)

कथेतील पात्राला 'चांगले' किंवा 'वाईट' असे नाव देऊन पाठ आटोपण्याकडे पुष्कळदा कल असतो. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा ही सवय मोडण्यास उपयोगी पडते. ती लहान मुलांस वाचून दाखवावयाची नसून शिक्षकांनी स्वतः अभ्यासावयाची आहे.

भीमा हा वारणाकाठच्या खेड्यातील धिप्पाड गडी. पोटासाठी तो मुंबईस येतो व शहरात काम न मिळाल्याने उपनगरातील दगडाच्या खाणीवर राबू लागतो. अंगच्या बळाचा त्याला गर्व आहे. पण ते बळ दगड फोडण्यात खर्ची पडते, तोवर त्या गर्वात दोष नाही. पुढे खाण बंद पडते. अशातच स्मशानातील राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि त्याचा हिशेब बदलतो. दिवसभर दगड फोडण्यापेक्षा राख चाळणे त्याला बरे वाटू लागते. पुढे राखही पुरत नाही, तेव्हा तो पुरलेली प्रेते उकरू लागतो. पत्नीचा विरोध तो जुमानीत नाही.

येथे भीमाला दुसरा कोणी फसवीत नाही. तो स्वतःच स्वतःला फसवितो. एका रात्री धनिकाच्या प्रेतासाठी तो कोल्ह्यांशी झुंजतो व जिंकतो. परंतु प्रेताच्या दातांत त्याची बोटे अडकतात. अखेर दोन बोटे कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते आणि तो बलदंड पुरुष लहान मुलासारखा रडतो.

'पापाचे फळ' एवढेच म्हणून थांबल्यास भीमावर अन्याय होईल. त्याला स्मशानात नेले ते भुकेने. तेथे खिळवून ठेवले ते गर्वाने. काम बंद पडणे म्हणजे काय, हे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातील मुलांस सांगावे लागत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या त्यांनी पाहिलेल्या असतात.

म्हणून कोणतेही पात्र शिकविताना तीन प्रश्न विचारावेत: या माणसाला अभिमान कशाचा? त्याच्यावर संकट कोणते आले? आणि कोणत्या क्षणापासून तो स्वतःशी खोटे बोलू लागला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी आपल्या शब्दांत दिले, म्हणजे पात्र त्यांस समजले असे मानावे.