छायाचित्रावरून परजीवी माशीची ओळख

रेशीम कीटकांच्या संगोपनगृहात आढळणारी राखाडी माशी शत्रू असू शकते, तर उसाच्या फडातील तशीच दिसणारी माशी मित्र. दोन्ही टॅकिनिडी या एकाच कुळातील आहेत. उझी माशी (एक्झोरिस्टा बॉम्बिसिस) रेशीम अळीच्या अंगावर अंडी घालते. अंड्यातून निघालेली माशीची अळी तिच्या शरीरात शिरते व त्या जागी काळा डाग उमटतो. ही माशी १९८० मध्ये कर्नाटकात पोहोचली आणि तेथील रेशीम उत्पादकांसाठी कायमची डोकेदुखी ठरली. याउलट स्टर्मिऑप्सिस इन्फरेन्स ही माशी उसातील खोडकिडीच्या छिद्राजवळ आपल्या अळ्या सोडते. त्या आत शिरून खोडकिडीचा नाश करतात. ओळख चुकल्यास अशा मित्रकीटकावरच फवारणी होते.

कुळाची ओळख
मांसमाशीच्या वक्षावर तीन काळे उभे पट्टे व उदरावर चौकडीची नक्षी असते. उझी माशीच्या वक्षावर चार पट्टे असतात. परंतु असे पट्टे इतर माश्यांवरही आढळत असल्याने केवळ त्यांवरून निष्कर्ष काढू नये. टॅकिनिडी माशीच्या वक्षामागील ढालीसारख्या भागाखाली उशीसारखा ठळक फुगवटा असतो. बहुतेक जातींच्या उदरावर राठ केसही असतात. हा फुगवटा वरून घेतलेल्या छायाचित्रात झाकला जातो, बाजूने घेतलेल्या छायाचित्रात मात्र स्पष्ट दिसतो.

छायाचित्रे कशी घ्यावीत
- माशी काही मिनिटे थंड जागी ठेवून सुस्त करावी.
- वरून, बाजूने, चेहऱ्यासमोरून आणि पसरलेल्या पंखाचे अशी चार छायाचित्रे घ्यावीत.
- शेजारी मिलिमीटरची मोजपट्टी ठेवावी.
- पीक, यजमान कीटक, गाव व दिनांक यांची नोंद करावी.

छायाचित्राची मर्यादा
छायाचित्रावरून बहुधा कुळ कळते. जात निश्चित करण्यासाठी अनेकदा नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. म्हणून नमुना टाकून न देता टाचणीवर कोरडा जतन करावा. शेतातील रोगट अळ्या प्रत्येकी स्वतंत्र बरणीत ठेवाव्यात, म्हणजे कोणत्या अळीतून कोणती माशी निघाली याचा पुरावा राहतो. माशीचा रिकामा कोषही सोबत ठेवावा.

नमुना व छायाचित्रे कृषी विज्ञान केंद्रामार्फत तज्ज्ञांकडे किंवा बंगळुरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे पाठवावीत. ओळख पटेपर्यंत संगोपनगृहाच्या दारे-खिडक्यांना बारीक जाळी लावावी आणि उसाच्या फडात या माश्यांसाठी फवारणी टाळावी.