मातीचा तट

ओडिशा राज्याची राजधानी भुवनेश्वर. लिंगराजाच्या मंदिराचे उंच शिखर पाहण्यासाठी तेथे दूरदूरचे यात्रेकरू येतात. त्या मंदिरापासून आग्नेयेस दोन-अडीच किलोमीटरांवर गवत आणि झुडपे यांनी झाकलेला एक लांबच लांब उंचवटा आहे. त्यावर गुरे चरतात. पायथ्याशी नवी घरे उभी राहिली आहेत. वाटसरूला ते एक साधे टेकाड वाटते. पण टेकाड कधी सरळ रेषेत धावते का? आणि काटकोनात वळते का? हा उंचवटा वळतो, पुन्हा सरळ जातो, आणि चार बाजू पुऱ्या करून जेथून निघाला तेथेच येऊन मिळतो. प्रत्येक बाजू सुमारे सव्वा किलोमीटर भरते. हाच शिशुपालगडाचा तट होय.

महाभारतातील शिशुपालाचे नाव या गडाला मिळाले, एवढेच. त्या शिशुपालाची एकही खूण तेथे सापडलेली नाही. गडाचा खरा इतिहास बाहेर काढला तो कुदळीने. १९४८ साली पुरातत्त्वज्ञ ब्रजबासी लाल यांनी तेथे उत्खनन केले. त्यांनी तट आडवा कापून पाहिला. अळूवडी कापली म्हणजे तिच्या घड्या जशा उघड्या पडतात, तसे तटाचे थर दिसू लागले. सर्वांत खाली चिकणमातीचा प्रचंड बांध : तळाशी सुमारे ११० फूट रुंद आणि २५ फूट उंच! त्यावर जांभ्याच्या मुरुमाचा जाड थर. त्याच्याही वर विटांच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये भरलेली माती. एका पिढीचे हे काम नव्हे. पहिला बांध इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास घातला गेला असावा, असे लाल यांचे अनुमान होते. यंत्रे तर नव्हतीच. टोपलीटोपलीने माती वाहणाऱ्या त्या माणसांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही.

तटाला प्रत्येक बाजूस दोन, असे आठ मोठे दरवाजे होते. पश्चिमेकडील एक दरवाजा लाल यांनी उकरून मोकळा केला. तो कोकणातील घरांना लागतो तसल्या जांभ्याच्या घडीव चिऱ्यांचा आहे. त्याची एक बाजू एकदा कोसळली होती आणि ती पुन्हा बांधून काढली होती, असे तेथे दिसून आले.

ही गोष्ट महत्त्वाची का? भुवनेश्वरजवळच्याच उदयगिरीवर हाथीगुंफा नावाचे लेणे आहे. तेथे कलिंगाचा राजा खारवेल याचा सतरा ओळींचा ब्राह्मी लेख आहे. वादळाने पडलेले नगराचे दरवाजे, तट आणि घरे आपण राज्याच्या पहिल्याच वर्षी दुरुस्त केली, असे त्यात राजा सांगतो. ते नगर म्हणजेच शिशुपालगड असावे, असे काही विद्वान मानतात. पुरावा पक्का नाही. पण कोसळलेला दरवाजा आणि कोरलेला लेख यांचा मेळ बसतो खरा.

योगायोग असा, की ज्या १९४८ साली हे उत्खनन झाले, त्याच वर्षी १३ एप्रिलला पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या राजधानीची कोनशिला बसवली गेली. पुढे राजधानी वाढत गेली. २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती आठ लाखांवर गेली होती, आणि वाढता वाढता ती या जुन्या नगरापर्यंत येऊन भिडली. तट हे संरक्षित स्मारक आहे. तटाच्या आतील बरीचशी जमीन मात्र खासगी मालकीची आहे. तेथील शेतकऱ्याने मुलासाठी घराचा पाया खणला, तर कुदळीखाली दोन हजार वर्षांपूर्वीची खापरे येतात. घर थांबवावे, तर त्या कुटुंबाने राहावे कोठे? बांधू द्यावे, तर खालचे नगर वाचायचे कसे? आतील शेतांच्या मधोमध जांभ्याचे प्राचीन खांब अजून उभे आहेत, आणि घरांची रांग दरवर्षी त्यांच्याकडे सरकते आहे.