गेल्या वर्षीची फ्लूची लस यंदा का चालत नाही?

"गेल्या वर्षी सुई टोचून घेतली, आता पुन्हा कशाला?" असे ज्येष्ठ मंडळी नेहमी विचारतात. याचे उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे, आणि बदलते हवामान त्यात भर घालू शकते.

फ्लूचा विषाणू शरीरात स्वतःच्या असंख्य नकला काढतो. त्यात चुका होतात. काही चुकांनी त्याचे रूप असे पालटते की आपली प्रतिकारशक्ती त्याला नीट ओळखत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व सप्टेंबरात, लशीत कोणते विषाणू घ्यावेत हे सुचवते.

हवामान विषाणूला संधी देते. कतारमधील दोहा शहराचा मुशैरिब हा भाग पाहा. जुनी वस्ती नव्याने बांधताना गल्लीत सावली राहील, समुद्राचा वारा खेळेल अशी रचना केली. तरी उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की माणसे दारे-खिडक्या लावून एसीतच बसणार. थंड, कोरड्या हवेत हा विषाणू जास्त टिकतो, आणि बंद खोलीत एकाचा श्वास दुसऱ्याला लागतो. तेथे फ्लूचा जोर मुख्यतः हिवाळ्यात असतो. पण उष्णता वाढत गेली तर इतर महिन्यांतही त्याला वाव मिळू शकेल. जितका प्रसार, तितक्या नकला. जितक्या नकला, तितके बदल.

दुसरी वाट पक्ष्यांची. या विषाणूची जनुके आठ तुकड्यांत असतात. दोन प्रकारचे विषाणू एकाच प्राण्याच्या शरीरात आले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो. भारतात कोंबड्यांमधील बर्ड फ्लू प्रथम २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. पाणथळ जागा आटल्या, रानपक्ष्यांच्या वाटा बदलल्या, तर पाळीव कोंबड्यांशी त्यांची गाठ नव्या ठिकाणी पडेल.

आपण काय करावे?

• मुंबई-कोकणात फ्लू पावसाळ्यात व पुन्हा थंडीत वाढतो. पावसाआधी लस घेण्याविषयी डॉक्टरांना विचारा.

• इस्रायल व कतारमध्ये लस थंडीपूर्वी, साधारण तिश्रीच्या सणांच्या सुमारास घ्यावी.

• मुलांकडे परदेशी जाताना निदान दोन आठवडे आधी घ्या. लशीचा गुण यायला तेवढा वेळ लागतो.

• ताप-खोकला असेल तर शब्बाथलाही सिनेगॉगमध्ये न जाता घरीच प्रार्थना करा, आणि ४८ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. फ्लूचे औषध लवकर घेतले तरच चांगले लागू पडते.