एक प्रिंटर, दोन व्यवसाय

प्रश्न : भवानीनगर येथे राहत्या घरीच मी ऊस उत्पादकांची कर्जप्रकरणे, सातबारा उतारे व ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम करतो. माझा संगणक विंडोजचा असून त्याला केबलने लेसर प्रिंटर जोडलेला आहे. सूनबाई मॅक संगणकावर पुण्यातील ग्राहकांसाठी पत्रके व वेष्टनांची संकल्पने तयार करतात. त्यांनाही मसुदे छापावे लागतात. दुसरा प्रिंटर घ्यावा की हाच दोघांनी वापरावा? आणि तसे केल्यास प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च कोणी दाखवावा?
— एक वाचक, भवानीनगर (ता. इंदापूर, जि. पुणे)

उत्तर : ज्या मुलखात सामाईक विहिरीचा हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदवून घेण्याची आणि पाण्याची पाळी ठरवून घेण्याची दक्षता शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बाळगत आले, त्या मुलखातील सुशिक्षित कुटुंबेही घरातील सामाईक यंत्राच्या बाबतीत मात्र, यंत्र चालू झाले की काम संपले, असे समजून हिशेबाचा भाग वाऱ्यावर सोडतात, हे मला फार खटकते. आपण दोन्ही गोष्टी एकदम विचारल्या, हे उत्तम केले.

दुसरे यंत्र घेण्याची घाई करू नये. विंडोजच्या संगणकावर त्या प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘शेअरिंग’ची मुभा देऊन त्यास रोमन लिपीतील, मध्ये मोकळी जागा नसलेले लहानसे नाव द्यावे; घरचे वाय-फाय ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेले आहे याची खात्री करावी; आणि सूनबाईंसाठी त्या संगणकावर पासवर्डसह स्वतंत्र खाते उघडावे, कारण आपण रोज जो चार-सहा अंकी पिन वापरून संगणक उघडता, तो पिन दुसऱ्या यंत्रावरून येणाऱ्या मागणीस चालत नाही, आणि पुष्कळांचे घोडे नेमके येथेच अडते. मॅकवर ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये नवा प्रिंटर जोडताना विंडोजचा विभाग निवडला म्हणजे सामान्यतः आपला संगणक तेथे दिसतो. छपाई चालू असेतोवर आपला संगणक जागा असला पाहिजे, ही अट मात्र टळत नाही.

परंतु त्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. स्वस्त लेसर प्रिंटरांपैकी अनेकांत पानाची आकृती सिद्ध करण्याचे सामर्थ्य यंत्राचे स्वतःचे नसून ते काम संगणकातील ड्रायव्हर करीत असतो. उत्पादकाने मॅकसाठी तसा ड्रायव्हर दिलेला नसेल, किंवा दिलेला ड्रायव्हर थेट केबलपुरताच चालणारा असेल, तर जोडणी कितीही निर्दोष केली तरी कोरी अथवा निरर्थक चिन्हांनी भरलेली पाने बाहेर येतील. तसे झाल्यास सूनबाईंनी आपला मसुदा पीडीएफ करून सामाईक फोल्डरमध्ये ठेवावा व तो आपल्या संगणकावरून छापावा. यंत्र बदलण्याची वेळ येईल तेव्हा मात्र वाय-फायचे व ‘एअरप्रिंट’ची सोय असलेलेच घ्यावे, २०१० साली ॲपलने आणलेल्या या पद्धतीत मॅकला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, विंडोजचा संगणकही त्या यंत्राशी परस्पर बोलू शकतो, आणि एकाच्या कामासाठी दुसऱ्याचा संगणक जागता ठेवण्याची तसदी उरत नाही.

आता कराकडे वळू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे घसारा मिळण्यास दोन अटी आहेत : वस्तू पूर्णतः वा अंशतः करदात्याच्या मालकीची असावी, आणि ती त्याच्या व्यवसायासाठी वापरली जावी. प्रिंटर हा संगणकप्रणालीचाच अविभाज्य भाग होय, असे दिल्ली उच्च न्यायालयाने बीएसईएस कंपनीच्या प्रकरणात २०१० साली मान्य केलेले असल्याने त्यावर संगणकाचाच दर, म्हणजे ४० टक्के, लागू होतो. बिल आपल्या नावावर असेल तर घसारा आपलाच. सूनबाईंना तो मागता येणार नाही, मग त्या निम्मी पाने का छापत असेनात. शिवाय त्यांचा वापर विनामूल्य असेल, तर कलम ३८(२) अन्वये आपला घसाराही व्यवसायातील वापराच्या वाजवी प्रमाणातच मान्य होईल. समजा, २०,००० रुपयांचे यंत्र आहे आणि आपल्या व्यवसायाचा वापर ७५ टक्के आहे. पहिल्या वर्षीचा ८,००० रुपयांचा घसारा ६,००० वर येईल, आणि त्या वर्षी यंत्र १८० दिवसांहून कमी वापरले असेल तर ३,००० वर.

म्हणून माझा सल्ला असा की, सूनबाईंनी आपणांस दरमहा वाजवी आकार बँकेतून द्यावा. तो त्यांच्या हिशेबात व्यवसायाचा खर्च, आपल्या हिशेबात व्यवसायाची जमा, आणि त्या वापरापुरती घसाऱ्यास कात्री लागण्याचे कारण राहत नाही. एका साध्या कागदावर दर, आरंभाची तारीख व दोघांच्या सह्या असल्या म्हणजे पुरे. कागद व टोनर ज्याचे त्याने आपल्या नावाच्या बिलावर आणावे. पुढील यंत्र दोघांच्या नावे घेतल्यास ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे घसारा मागता येईल. मात्र एका दिवसात एकाच विक्रेत्यास १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास ती रक्कम किमतीत धरली जात नाही, हे विसरू नये. आपण कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने उत्पन्न दाखवीत असाल तर घसारा त्यातच दिला गेला असे कायदा मानतो. स्वतंत्र मागणी करता येत नाही. १ एप्रिल २०२६ ही २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख असल्याने त्यापुढील वर्षांसाठी कलमांचे क्रमांक सल्लागाराकडून ताडून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी मी ती महत्त्वाची मानतो. आपल्याकडे लोकांची आधार व पॅन कार्डे, खातेपुस्तके येतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा घरगुती कामास लागू नाही. परंतु मोबदला घेऊन केलेले आपले काम, घरात बसून केले तरी, घरगुती ठरत नाही. तेव्हा पाहुण्यांना वाय-फाय द्यायचे ते राउटरच्या ‘गेस्ट’ जाळ्यावरून द्यावे, सूनबाईंच्या खात्यास प्रिंटर व तो एक फोल्डर एवढाच प्रवेश ठेवावा, आणि चुकून जास्त निघालेल्या प्रती पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात न टाकता फाडून नष्ट कराव्यात.