चढावर गाडी मागे न सरकता कशी काढायची?

प्रश्न : सपाट रस्त्यावर मी गाडी बिनधास्त चालवते. पण साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढात ट्रॅफिक थांबला की पोटात गोळा येतो. ब्रेक सोडला की गाडी मागे येते, क्लच सोडला की बंद पडते. ‘हाफ क्लचवर धरून ठेवायची,’ असं क्लासमध्ये सांगितलं होतं. ते बरोबर आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : हाफ क्लचवर गाडी काढायची असते, धरून ठेवायची नसते. धरून ठेवण्यासाठी हँडब्रेक आहे.

दहा फुटांत एक फूट चढणारा रस्ता धरा. तिथे हजार किलोची गाडी साधारण शंभर किलोच्या जोराने मागे ओढली जाते. उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंतच्या क्षणात हा जोर अडवायला कुणीच नसतं. म्हणून गाडी सरकते. ती सरकली की आपण घाबरून क्लच एकदम सोडतो आणि इंजिन बंद पडतं. हँडब्रेक ओढलेला असेल तर हा क्षण येतच नाही, दोन्ही पाय मोकळे राहतात.

क्रम असा ठेवा. गाडी थांबली की हँडब्रेक पक्का ओढा. निघताना क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. आरसे बघा. थोडी रेस द्या; गाडीत आरपीएमचा काटा असेल तर तो दीड-दोन हजारांच्या दरम्यान येऊ द्या. आता क्लच अगदी सावकाश वर आणा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं. तिथेच डावा पाय थांबवा. बटण दाबून हँडब्रेक खाली करा. गाडी पुढे सरकू लागली की रेस किंचित वाढवत उरलेला क्लच सोडा.

हाफ क्लचवर गाडी तोलून धरली, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलवर सतत घासत राहते, तापते आणि झिजते. घाटात येणारा जळका वास बऱ्याचदा तिचाच असतो.

क्लच नेमका कुठे पकडतो हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. ते आधी सपाट, मोकळ्या जागेत रेस न देता शोधा. मग एखाद्या सौम्य, रिकाम्या चढावर सराव करा. शेजारी चालवणारं माणूस असू द्या. तुमच्या गाडीत ‘हिल होल्ड’ असेल, तर पाय काढल्यावरही ब्रेक साधारण दोन सेकंद लागलेला राहतो. तरी ही रीत शिकाच, कारण ती सोय प्रत्येक गाडीत नसते.

हे कौशल्य जास्तीचं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार लायसन्सच्या चाचणीतही तीव्र चढावर थांबून, मागे न सरकता गाडी पुन्हा काढून दाखवणं अपेक्षित आहे.

घाटात पुढच्या ट्रकपासून भरपूर अंतर ठेवा. तोही मागे येऊ शकतो. गाडी बंद पडलीच, तर ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला आणा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. मागचे कितीही हॉर्न वाजवोत, यातली एकही पायरी गाळू नका.