मिक्सरएवढी वीज, पण तासन्‌तास

प्रश्न : मुलाला अ‍ॅनिमेशनच्या कामासाठी एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे. दुकानदार म्हणतो, कार्ड ५७५ वॅटचं आहे, पॉवर सप्लाय १००० वॅटचा लागेल. आमचा मिक्सर ५०० वॅटचा आहे! तळहातावर मावणाऱ्या चिपला एवढी वीज कशाला? आणि घरच्या वायरिंगला हे झेपेल का?

उत्तर : वायरिंगची चिंता आधी मिटवू. पॉवर सप्लायवरचे १००० वॅट ही त्याची ताकद झाली. तेवढी वीज तो सतत ओढत नाही. कार्ड पूर्ण जोरात चालताना अख्खा संगणक साधारण ८०० वॅट घेतो असं धरा. २३० व्होल्टला हे साडेतीन अँपिअरच्या आसपास येतं. नीट अर्थिंग असलेलं ६ अँपिअरचं सॉकेट त्याला पुरतं. वरची ताकद लागते ती कार्डाची मागणी क्षणार्धात उसळते म्हणून. ती उसळी पेलली नाही तर चालू काम तिथेच बंद पडतं.

आता एवढी वीज का, ते पाहू. जानेवारी २०२५मध्ये बाजारात आलेल्या या कार्डाच्या चिपवर ९,२२० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. २०२२च्या आरटीएक्स ४०९०वर ७,६३० कोटी होते. प्रत्येक ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना कणभर वीज खातो. एरवी नव्या पिढीत ट्रान्झिस्टर आणखी बारीक होतात आणि कमी विजेत भागतं. या वेळी दोन्ही चिप तैवानच्या टीएसएमसीमध्ये एकाच घराण्यातल्या ४एन प्रक्रियेने बनल्या. बारकाई जवळपास तीच राहिली, संख्या वाढली. म्हणून ४५० वॅटचे ५७५ झाले.

खरी कसोटी मात्र वॅटची नसून अँपिअरची आहे. सॉकेटमधून ५७५ वॅट घ्यायला अडीच अँपिअर पुरतात. कार्डाकडे वीज १२ व्होल्टने जाते. तिथे त्याच ५७५ वॅटना ४८ अँपिअर लागतात. चिप तर एक व्होल्टच्या आसपास चालते. तिला ४०० वॅट पोचवायचे तर प्रवाह ४०० अँपिअरच्या घरात जातो! प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. महापारेषणच्या मनोऱ्यांवरून वीज ४०० किलोव्होल्टने नेतात ती याच कारणाने. म्हणून कार्डावरही व्होल्टेज उतरवणारी सर्किटं चिपला अगदी खेटून बसवलेली असतात, मोठ्या प्रवाहाला लांब चालावं लागू नये यासाठी.

प्लगचंही गणित हेच. ते ४८ अँपिअर सोळा पिनांच्या एका छोट्या प्लगमधून येतात. त्यातल्या १२ व्होल्टच्या पिना सहा, म्हणजे प्रत्येकीवर ८ अँपिअर. प्लग तिरका बसला आणि तीनच पिना नीट टेकल्या, तर प्रत्येकीवर १६ अँपिअर येतात आणि प्लास्टिक वितळू शकतं. ४०९०च्या काळात अशा तक्रारी आल्या. पुढे प्लग सुधारला. त्यातल्या खुणेच्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पुरता बसला नसेल तर कार्डाने वीज ओढूच नये. तरीही अनेक कार्डांवर या सहा पिना आत एकत्रच जोडलेल्या असतात. कुठल्या पिनेवर किती भार आहे, हे कार्डाला कळत नाही.

हे ५७५ वॅट अखेर उष्णता होऊन खोलीतच उतरतात. एक टनाचा एसी जेवढी उष्णता बाहेर टाकतो, त्याचा हा जवळपास सहावा हिस्सा. एनव्हिडियाने स्वतःच्या कार्डात सर्किट बोर्ड लहान करून मधोमध ठेवला आहे, दोन बाजूंचे पंखे हवा आरपार काढतात. चिप थंड राहते, पण खोली तापायची ती तापतेच.

म्हणून मुलाला तीन गोष्टी सांगा. पॉवर सप्लायसोबत आलेलीच केबल वापर, प्लग कट्ट आवाज होईपर्यंत बसव आणि प्लगजवळ केबल वाकवू नकोस. संगणक थेट भिंतीतल्या सॉकेटला जोड. आणि सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीज ८० टक्क्यांवर आण. शेवटच्या थोड्या वेगासाठी व्होल्टेज चढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे वीज पाचव्या हिश्शाने कमी केली, तरी वेग त्या मानाने फारच थोडा घटतो. रात्र-रात्र चालणाऱ्या कामात तो फरक जाणवणारही नाही. वीजबिलात आणि खोलीच्या गरमीत मात्र नक्की जाणवेल.