‘शेजारी’ म्हणजे कोण? : बायबलाच्या अभ्यासाविषयी थोडेसे

शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो. ही म्हण स्वयंपाकघरात खरी ठरते. ग्रंथाच्या बाबतीत ती फसवी आहे. ज्ञानेश्वरीतील एखादी ओवी मागच्या-पुढच्या ओव्यांपासून तोडली, तर तिचा अर्थ कोणी कसाही वाकवू शकेल. बायबलाचेही तसेच आहे. ख्रिस्ती विद्यार्थी तो ग्रंथ श्रद्धेने वाचतील, इतर विद्यार्थी जिज्ञासेने वाचतील. परंतु वाचनाची शिस्त दोघांनाही सारखीच हवी.

प्रथम हे ध्यानात घेऊ की, बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट पंथीयांच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, कॅथलिकांच्या बायबलात ७३. त्यांत इतिहास आहे, नियमशास्त्र आहे, स्तोत्रे आहेत, पत्रेही आहेत. स्तोत्र हे काव्य म्हणून वाचावे. पत्र वाचताना ते कोणी, कोणास व कशासाठी लिहिले हे पाहावे. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातील आहे आणि नव्या करारातील वचनांचे रूढ क्रमांक १५५१ मधील आहेत. हे क्रमांक स्थळ सापडावे म्हणून आहेत. अर्थ तेथे संपतो असे नव्हे.

आता एक उदाहरण घेऊ. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो की, ज्यावर स्वतःसारखी प्रीती करावयाची तो शेजारी कोण? उत्तरादाखल येशू एक कथा सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या एका वाटसरूला लुटारू अर्धमेला करून टाकतात. एक याजक व एक लेवी त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून जातात. शोमरोनी मनुष्य मात्र थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि तेथील मालकास दोन दिनार देतो.

पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर ही दयेची एक साधी गोष्ट वाटेल. परंतु यहुदी व शोमरोनी यांच्यात जुने वैर होते. देवाची उपासना यरुशलेमेत करावी की गरिज्जीम डोंगरावर, हाही त्यांच्यातील वादाचा विषय होता. म्हणजे ज्याच्याकडून श्रोत्यांची काहीच अपेक्षा नव्हती, तोच कथेत पुढे येतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार सांगितली आहे. तेव्हा शोमरोन्याने दोन दिवसांची मजुरी एका परक्यासाठी दिली. एक उतारा दुसऱ्यावर असा प्रकाश टाकतो.

आता शब्दाकडे वळू. मराठी बायबलात ‘शेजारी’ आहे, हिंदीत ‘पड़ोसी’. दोन्ही शब्दांनी लगतच्या घरात राहणारा डोळ्यांपुढे येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘जवळचा’ असा आहे. म्हणूनच कथेच्या शेवटी येशू प्रश्न फिरवून विचारतो : त्या जखमी मनुष्याच्या जवळचा कोण झाला? शास्त्र्याला प्रीतीची मर्यादा हवी होती; त्याला कर्तव्य मिळाले. त्याने उल्लेखिलेली आज्ञा लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आहे, आणि त्याच अध्यायात पुढे परदेशीयावरही तशीच प्रीती करावी असे सांगितले आहे.

या कथेचे दुसरेही अर्थ लावले गेले. संत ऑगस्टिन यांनी शोमरोन्यात ख्रिस्त व उतारशाळेत ख्रिस्तसभा पाहिली. अशा अर्थांचा आदराने विचार करावा. मात्र कथा स्वतः काय सांगते हे आधी नीट पाहून घ्यावे.

मराठीत या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या लोकांसाठी त्यांनी ओवी निवडली. पुढे पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि साध्यासुध्या वाचकांना कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी हे काम पुरे झाले होते. एका शब्दाच्या अर्थासाठी परकी भाषा शिकणे, ही केवढी निष्ठा!

भोपाळच्या विद्यार्थ्यांना मराठी व हिंदी या दोन्ही भाषा अवगत असतात. एकच उतारा दोन्ही भाषांत वाचावा आणि जेथे शब्द निराळा दिसेल तेथे थांबावे. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कोणत्या प्रश्नावर बोलतो, हे वहीत टिपावे. ‘मला काय बोध झाला’ हे त्यानंतर लिहावे.

१९५६ मध्ये भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपुराहून अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली. हिंदी आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात त्यांना शेजार मिळाला, तो आपल्या भाषेपुरता राहिला नाही. म्हणून त्या शास्त्र्याचा प्रश्न आपल्यालाही परका नाही. आपल्या जवळचे कोण, याची यादी करीत बसण्यापेक्षा आपण कोणाच्या जवळचे झालो, हे विचारण्याची सवय या वाचनाने लागली, तर अभ्यास सार्थकी लागला असे आम्ही समजू.